भंडारा लागलेलं कार्ड

१

गाडी अडखळली आणि मुस्तकीमची अब्रू गेली, या दोन्ही गोष्टी चौसाळ्यात एकाच मिनिटात घडल्या.

गाडी खरी नव्हती. हायवेच्या कडेला भागवतचं 'मल्हार गेमिंग' नावाचं दुकान आहे, तिथल्या नव्या पडद्यावर ती शर्यतीत पळत होती. पडदा म्हणजे मॉनिटर, पण गावात सगळे पडदाच म्हणतात, आणि तो पाहिल्यावर मीही म्हणायला लागलो. नारायणगडाहून आणलेल्या नारळाचा प्रसाद वाटायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मी पुढच्या रांगेत होतो. खेळ सुरू होण्याआधी पडद्यावर नुसतं एक कडुलिंबाचं पान होतं. माझं झेरॉक्सचं दुकान आहे. अस्सल आणि नक्कल यांतला फरक ओळखण्यावर माझं पोट चालतं. ते पान अस्सल होतं. त्याच्या शिरा, किड्यानं कुरतडलेली कड, टोकाला लोंबणारा थेंब. मी प्रसाद वाटायचाच विसरलो.

मग साजिद खेळायला बसला. आमच्या भागातला हा सगळ्यात तरबेज खेळाडू.

"काल सांजच्यापास्नं खेळातलं चित्र धुरकट दिसतंय," तो म्हणाला. "कुणीतरी सेटिंग कमी करून ठेवलंय." त्यानं ते पूर्ण वर नेलं.

क्षणभर सगळं दुकान आ वासून बघत राहिलं. रस्त्यावरची खडी न् खडी मोजता आली असती. आणि त्याच क्षणी गाडी लंगडली. एक पाऊल पुढे, मग थांब, मग एकदम दोन पावलं. मशीनचा पंखा घरघरायला लागला.

भागवतचा चेहरा पडला. त्यानं टेबलाखालच्या लाकडी पेटीची किल्ली गल्ल्यावरच्या खिळ्यावरून काढली. हायवेच्या धुळीपायी त्याचा कॉम्प्युटर त्या पेटीत कायम बंद असतो. गल्ल्यावर त्याची बहीण उज्ज्वला बसली होती. तिच्यासमोर पाण्याचा जार आणि एक घंटी, एवढाच काय तो सरंजाम. भागवतनं पेटी उघडली, कॉम्प्युटरचं झाकण काढलं आणि तो खालीच बसला.

गेल्या दसऱ्याला त्यानं पुण्याहून एक ग्राफिक्स कार्ड आणलं होतं. तीन पंख्यांचं, विटेपेक्षा लांब. गाव बघायला आलं होतं. ते गेलं होतं. त्याच्या जागी एका पंख्याचं एक बारकं कार्ड निमूटपणे बसलं होतं.

"मशीन तू बांधलंस," भागवत मुस्तकीमला म्हणाला. आवाज चढला नव्हता, त्यानं जास्त भीती वाटली. "पेच तुझे. कालचा पडदा तूच लावलास. दुसऱ्या कुणाला ह्यातलं कळतंय गावात?"

"भागवतभाऊ, मी काल फकस्त मागून केबल लावली. झाकण उघडलंच न्हाई."

"परवा बाजार हाय. तवर कार्ड आण. न्हाईतर भर बाजारात सांगीन, अन् मग चौकीत."

मुस्तकीम दुरुस्तीची कामं करतो. लोक त्याच्याकडे फोन देतात, त्यात लग्नाचे फोटो असतात, पोरींचे नंबर असतात. चोर म्हटल्यावर त्याच्या हातात कोण काय देणार? बाजारात एकदा नाव निघालं की त्याला गाव सोडूनच पोट भरावं लागलं असतं, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं.

मी वाकून त्या बारक्या कार्डाकडे पाहिलं. त्याच्या पत्र्यावर पिवळं काहीतरी लागलं होतं.

२

आमच्या गावात चोरीमारी झाली की लोक आधी कमरजहाँकडे जातात आणि मग पोलिसांकडे. तिचं चष्म्याचं दुकान माझ्या दुकानाला लागून आहे. गाव तिला चाची म्हणतं. मी तिच्याच वयाचा, म्हणून बाजी म्हणतो. हरवलेली गाय, बदललेलं बियाणं, पळालेला जावई, सगळं तिनं त्या दुकानात बसून शोधलेलं आहे. माणसाला ती तपासणीच्या खुर्चीत बसवते, नाकावर लोखंडी चौकट चढवते, आणि एकेक काच बदलत विचारत राहते. समोरची अक्षरं वाचताना माणूस खोटं बोलायला विसरतो, असं तिचं म्हणणं आहे.

मुस्तकीम खुर्चीत बसला तेव्हा त्याला पहिली ओळसुद्धा धड वाचता येईना. डोळे भरले होते.

"रड आधी," बाजी म्हणाली. "मग सांग. मला मशीन कळत न्हाई. मला नजर कळती. कार्ड काय करतं?"

"चित्र काढतं, चाची. पडद्यावर बारीक बारीक ठिपके असत्यात. एकूण एक ठिपका रंगवायचा, सेकंदाला कितीतरी बार. जुन्या पडद्याच्या चौपट ठिपके ह्या नव्यात हायेत."

"म्हणजे रान चौपट झालं अन् मोटर तीच."

"बराबर. मोठी मोटर असली तर भिजतंय. बारकी असली तर पाणी पोचत न्हाई, तशी गाडी लंगडती."

"अन् जुन्या पडद्यावर बारकी मोटर पुरली असती का?"

मुस्तकीम हळूच म्हणाला, "पुरली असती. फरक कळलाच नसता कुणाला. लहान वावराला दोन्ही मोटरी सारख्याच. म्हणून तर मी भागवतभाऊच्या मागं लागलतो. म्हटलं, घोडा एवढा तगडा हाय, त्याला हा मोडका टांगा कावून? मोठा पडदा आना."

"तू मागं लागलतास?"

"दिवाळीपासून."

बाजीनं त्याच्या नाकावरची चौकट काढून घेतली. ती बराच वेळ काच पुसत राहिली. बाहेरून मेंढरांचा कळप चालला होता आणि मागे भागवतचे वडील सटवाबा, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मी हात केला. त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं आणि पुढे निघाले. पोराचं दुकान झाल्यापासून म्हातारा भाव खातो, असं मला वाटलं.

"काय सटवाबा, ओळख विसरलात का?" मी ओरडलो.

ते लगेच थांबले. "कोन, उत्तरेश्वर व्हय? राम राम." आणि कळपामागे गेले.

बाजी त्यांच्या पाठीकडे बघत होती. "उत्तरेश्वर, ही चोरी काल झालेली न्हाई," ती म्हणाली. "मोठं कार्ड कधीच गेलंय. लहान पडद्यानं झाकून ठेवलं होतं. चोर इतके दिवस त्या दुकानात रोज येतोय, सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून बसतोय."

३

माझं मत विचाराल तर चोर साजिद. बाजीनं विचारलं नाही, तरी मी सांगितलं. त्यानं नुकताच घरी स्वतःचा कॉम्प्युटर घेतला होता. नव्या पडद्याला त्याचा विरोध होता, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि पडदा नको म्हणणारा माणूस म्हणजे कार्ड कुठं गेलं ते माहीत असणारा माणूस, एवढं मला झेरॉक्स काढता काढता कळतं.

साजिद खुर्चीत ऐटीत बसला. त्याची नजर घारीची. खालची ओळसुद्धा त्यानं पटापट वाचली.

"मोठा पडदा नगं कावून म्हणत होतास?"

"चाची, खेळताना समदं एका नजरंत पायजे. एवढा मोठा पडदा असला की मान फिरवावी लागती. तवर दुश्मन मारून जातोय. शिकल्याली पोरं छोट्याच पडद्यावर खेळत्यात."

"तुझ्या घरचा केवढा?"

"छोटा. अन् कार्डबी छोटं. बघून जावा की."

"मग आज तू सेटिंग वर कावून नेलंस? तुला तर मोठं नगंच."

साजिद पहिल्यांदाच अडखळला. त्याच्या तोंडावर जे आलं ते मी आजवर त्या मग्रूर पोराच्या तोंडावर पाहिलेलं नव्हतं. "ते पान दिसलं ना, चाची. खेळाच्या आधी. मला वाटलं, ह्या पडद्यावर रस्ता कसा दिसंल, एकदा बघू. धुरकट ठिवलं तर गुन्हा केल्यासारखं वाटत होतं."

मी हे समजू शकलो. मलाही प्रसादाचा विसर पडला होताच.

"पहिल्या सांजेला धुरकट होतं म्हणतोस. मुस्तकीमनं लावलं तवाच?"

"मुस्तकीमनं सकाळी पडदा लावला, पान दाखवलं अन् गेला. खेळ न्हाई लावला. भागवत लगेच नारळ घेऊन गडावर गेला. दुकान दिवसभर बंद. सांजच्याला आमी आलो तर खेळ धुरकट, पण मस्त पळत होता."

बाजीनं दुसरी काच घातली. "आता कसं दिसतं?"

"खराब झालं, चाची. धूसर."

"पण अक्षरं वाचता येत्यात ना? तसंच कुणीतरी केलंय. गाडी लंगडू नये म्हणून चित्र धूसर केलं." ती काच काढून तिनं डबीत ठेवली. "म्हणजे आतलं कार्ड बारकं हाय, हे त्याला आधीच ठाव होतं. जा बेटा, तुझे डोळे चांगले हायेत."

साजिद गेला. बाजी मला म्हणाली, "दुकान बंद होतं. भागवत गडावर. मग आत कोन होतं?"

४

उज्ज्वला सकाळी आली. भागवतपेक्षा बरीच लहान, बीडला कॉलेज केलेली, आता लग्न ठरेपर्यंत भावाच्या गल्ल्यावर. भागवतच्या मते कॉम्प्युटर हे पुरुषांचं काम आणि घंटी वाजवणं हे बहिणीचं.

"चाची, माझे डोळे चांगले हायेत. तुमी बोलावलं म्हणून आले."

"बस गं. फुकट हाय."

बाजीनं बॅटरी तिच्या डोळ्यांपुढे धरली. पापण्या ओढून पाहिल्या. डोळ्यांत लाल रेषा होत्या आणि उज्ज्वला सारखी पापण्या मिटत होती.

"कोरडे पडल्यात," बाजी म्हणाली. "हे पडद्याकडं बघून बघून होतं. कुठला पडदा बघतीस एवढा?"

"दुकानातच, चाची. गल्ल्यावरनं पोरांचे खेळ दिसत्यात."

मी तोंड उघडलं आणि बाजीनं माझ्या पायावर पाय दिला. गल्ल्याकडे त्या पडद्याची पाठ असते. तिथून पोरांची तोंडं दिसतात फक्त.

"नवा पडदा आणायचा ठरला तवा तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, डोळ्याला तरास होईल." ती खाली बघत होती. "चाची, मुस्तकीमला खरंच चौकीत नेतील का?"

"उद्या बाजार हाय. भागवत शब्दाचा पक्का."

उज्ज्वलानं ओढणी चेहऱ्यावर घेतली आणि डोळे पुसले. कोरड्या डोळ्यांना पाणी आलं होतं. ती उठून गेली.

"बाजी, ही खोटं बोलली," मी म्हणालो.

"व्हय. पण चोर खोटं बोलताना स्वतःची काळजी करतो. हिनं मुस्तकीमची केली." बाजीनं स्टूल ओढलं. "आता सांग. त्या बारक्या कार्डावर तू पिवळं काय पाहिलंस?"

५

मी सांगितलं: भंडारा. खंडोबाची हळद. भागवतच्या घरी कुठलीही नवी वस्तू भंडारा लावल्याशिवाय सुरू होत नाही. मोटारसायकल, शेळी, मिक्सर. मोठं कार्ड आलं तेव्हाही सटवाबांनी चिमूटभर लावला होता.

"मग चोरानं खोट्या कार्डालाबी लावला," मी म्हणालो. "ओळखू येऊ नये म्हणून. हुशार हाय."

बाजी हसली. मला कुणी हसलं की राग येतो, पण तिच्या हसण्यात एक आमंत्रण असतं.

"तीन पंख्यांच्या जागी एक पंखा बसवला. झाकण उघडलं की आंधळ्यालाबी कळंल. मग हळद लावून काय लपणार? अन् बंद पेटीत लावलेली हळद बघणार कोन? उत्तरेश्वर, ती हळद फसवायला न्हाई लावलेली. देवाला घाबरून लावली. भावाच्या पोटावरचं मशीन, त्यात परकं कार्ड बसवायचं, तर देवाची चिमूट लावल्याशिवाय हात धजावला न्हाई. हे चोराच्या हातून होत न्हाई. हे घरच्या माणसाच्या हातून होतं."

दोन दिवस ती हळद माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी साप साप म्हणून भुई धोपटत होतो.

"आता एकेक काच बदलू," ती म्हणाली. "मुस्तकीम. मोठा पडदा आणा म्हणून तोच दिवाळीपासून मागं लागला. त्या पडद्यानंच चोरी उघडी पडली. चोर आपल्या घरफोडीवर आपण होऊन कंदील धरील का? साजिद. चित्र वर नेऊन गाडी लंगडवली ती त्यानंच, भर सभेत. कार्ड बारकं हाय हे ठाव असतं तर त्यानं ती कळ दाबली नसती. भागवत. त्यानं गाव गोळा केलं, नारळ फोडला. आपलं नाक कापून घ्यायला कोन वाजंत्री बोलावतो? मग ऱ्हायलं कोन? दुकान बंद असताना आत असणारं, किल्लीच्या खिळ्याखाली बसणारं, घरातलं, अन् रात्रंदिस दुसऱ्याच कुठल्या पडद्याकडं बघणारं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. कार्ड भागवतच्याच घरात होतं.

मी सांगायला उठलो तर दारात उज्ज्वला उभी होती. ती गेलीच नव्हती.

"मी घेतलं," ती म्हणाली. "माझ्या खोलीतल्या कॉम्प्युटरमदी हाय. बारकं मी बीडहून मैत्रिणीकडून आणलं अन् त्या जागी बसवलं. काम संपलं की परत ठेवणार होते. पडदा मदीच आला. परवा दादा गडावर गेला तवा मोठं परत बसवणार होते, पण काम अर्धंच होतं. मग खेळ तेवढा धूसर करून आले."

"चल मग, भागवतला सांगू," मी म्हणालो.

"कावून घेतलं ते दादा विचारंल. ते मला सांगता येत न्हाई. बेलभंडारा उचललाय मी." तिचा आवाज फाटला. "दोन दिवस मी जेवले न्हाई, चाची. मुस्तकीमचं तोंड दिसतंय सारखं. पण आण मोडता येत न्हाई."

आमच्याकडे बेलभंडारा उचलून घेतलेली शपथ मोडली तर घर बसतं, अशी श्रद्धा आहे. ती खोटी म्हणणारे पुष्कळ आहेत. मोडून दाखवणारा मी अजून पाहिलेला नाही.

"मला ठाव हाय ती आण कशाची," बाजी शांतपणे म्हणाली. "ते आधी ह्याच खुर्चीत कळलं होतं. पण ह्या खुर्चीतली गोष्ट मीबी भाईर काढत न्हाई." ती उठली आणि चप्पल शोधू लागली. "आण ज्यानं घातली, सोडवणारबी तोच. उत्तरेश्वर, स्कूटर काढ."

६

कळप गावाबाहेरच्या माळावर होता. सटवाबा लिंबाखाली बसले होते. आम्ही अगदी जवळ गेलो तरी ते अंदाज घेत राहिले. बाजीनं हाक मारल्यावर त्यांची मान वर झाली.

"चाची? तुमी हिकडं?"

"सटवाबा, ते मेंढरू कुठलं?" बाजीनं पुढ्यातल्या एका मेंढीकडे बोट केलं.

म्हातारा हसला, आणि ते हसणं मला अजून आठवतं. "उत्तरेश्वर बी हाय नव्हं का सोबत? स्कूटरच्या आवाजानं कळलं. सांगू का त्याला?"

"तुमची गोष्ट हाय."

त्यांनी सांगितलं. डोळ्याच्या आतला पडदा मधोमध झिजला होता. कडेचं दिसायचं, मधलं नाही. वाट दिसायची, काठी दिसायची. ज्याच्याकडे बघावं तेवढंच पुसलं जायचं. धनगराला मेंढरू तोंडावरून कळतं. शंभरातलं आपलं एक तो तोंडावरून काढतो. सटवाबांना वर्षभर एकाही मेंढीचं तोंड दिसलेलं नव्हतं. मला त्यांनी ओळख दिली नव्हती ती का, हे तेव्हा कळलं, आणि भाव खातो म्हणालो त्याची लाज वाटली.

"भागवतला कळलं तर मेंढरं इकंल अन् मला गल्ल्यावर बसवंल. म्हणून पोरीकडून भंडारा उचलून घेतला. कुणाला सांगायचं न्हाई, भावाला तर न्हाईच."

बाजी त्यांच्यासमोर खाली बसली. "तुमच्या डोळ्यांवर झाकण घातलंत ते ठीक. पण आता ते झाकण मुस्तकीमच्या अब्रूवर पडलंय." आणि तिनं कार्डाची सगळी हकीकत सांगितली.

सटवाबांना ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. "पोरगी फोन घेऊन कळपामागं फिरायची," ते म्हणाले. "तोंडं टिपायची मेंढरांची. इचारलं तर म्हणायची, आबा, लई मोठी करून दाखवते, मग दिसतील तुमाला." ते काठीवर जोर देऊन उठले. "त्या पोराचा बाप माझा दोस्त होता. सकाळी बाजारात येतो मी."

७

बाजाराच्या सकाळी 'मल्हार गेमिंग'समोर माणसांचा गराडा होता. मुस्तकीम पायरीपाशी उभा होता, नजर जमिनीत. भागवत बोलायला उठला तेवढ्यात सटवाबा आले. मागे उज्ज्वला, ओढणीखाली तीन पंख्यांचं कार्ड, लेकरासारखं धरलेलं.

"भागवत, आधी माझं ऐक," सटवाबा म्हणाले आणि कमरेच्या पिशवीतून भंडारा काढला. "पोरी, तुझी आण मी सोडवली." त्यांनी तिच्या कपाळाला बोट लावलं. मग भर बाजारासमोर त्यांनी आपले डोळे सांगितले. मग उज्ज्वलानं कार्ड सांगितलं.

भागवतनं बापाकडे पाहिलं, मग बहिणीकडे. रागावणार, की रडणार, मला कळेना. बहुधा त्यालाही कळत नव्हतं. शेवटी तो पायरी उतरला आणि मुस्तकीमपुढे हात जोडून उभा राहिला.

"ह्याच बाजारात तुझं नाव घेणार होतो," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "ह्याच बाजारात सांगतो, चुकलो. घोडा बघितला, टांगा बघितला, घरातलं माणूस तेवढं बघितलं न्हाई." त्यानं पेटीची किल्ली मुस्तकीमच्या तळहातावर ठेवली.

मुस्तकीमनं खिशातून पेचकस काढला आणि टेबलाखाली शिरला. मोठं कार्ड पुन्हा आपल्या जागी बसलं. उज्ज्वलानं पेन ड्राईव्ह लावला.

"मी पण अजून बघितलं न्हाई," ती पुटपुटली. "माझ्या खोलीतला पडदा जुना, बारका. मोठ्या कार्डाच्या जोरावर फोनमधलं चित्र मोठं केलं, धार लावली, पण तिथं ते पुन्हा दाबून बारीकच दिसायचं. काय झालंय मलाच ठाव न्हाई."

सटवाबा पडद्यापुढे बसले, नाक टेकेल इतके जवळ. मग तो पडदा उजळला.

मी काय सांगू. दाराच्या फळीएवढं एका मेंढीचं तोंड. पापण्यांचे केस. नाकपुडीवरची ओल. डोळ्यात अख्खा माळ उलटा पडलेला. भाजीवाल्या बायका टोपल्या खाली ठेवून दारात उभ्या राहिल्या आणि कुणी म्हणता कुणी हललं नाही. कार्ड पूर्ण ताकदीनं चालत होतं, पडदा पूर्ण भरला होता, चित्र एकदाही अडखळलं नाही. जगात एवढं स्पष्ट काही असतं हे मला साठीजवळ येऊन कळलं. कमरजहाँ बाजी, जी आयुष्यभर दुसऱ्यांना स्पष्ट दाखवत आली, तिनं आपला चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

सटवाबांनी डोळा थोडा तिरका केला. मधलं पुसलं तरी आता कडेला पुष्कळ उरत होतं. त्यांचं बोट काचेवर गेलं.

"भुरी," ते म्हणाले. दुसरं तोंड आलं. "ही चांदी. हिच्या वठावर काटा लागलता, खूण ऱ्हायलीय." तिसरं. "गुजरी. म्हातारी झाली गं तू."

एकेक नाव ते घेत गेले. एकही चुकलं नाही. उज्ज्वला तोंडावर हात धरून उभी होती आणि तिच्या बोटांमधून पाणी गळत होतं.

शेवटचं चित्र मेंढीचं नव्हतं. माळावर भागवत एक कोकरू उचलून हसत होता. कधीतरी नकळत टिपलेला.

सटवाबांचं बोट थांबलं. त्यांनी पडद्यावरच्या त्या गालावरून, हनुवटीवरून बोट फिरवलं.

"दाढीत पांढरं आलंय ह्याच्या," ते म्हणाले. "कवा आलं?"

भागवत त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसला. "आबा, मी हितं हाय."

म्हाताऱ्यानं वळून त्याच्याकडे पाहिलं, नीट, बराच वेळ. मग तोंड पुन्हा पडद्याकडे केलं.

"बस तू तिथं. मला हिकडं बघू दे. हिकडं तू दिसतूस."

मुस्तकीमनं टेबल दोन्ही हातांनी धरलं आणि पडदा त्यांच्या आणखी जवळ सरकवला.